सासूबाईंची अंबाबाई, अण्णांचं खासबाग

कोल्हापूरला येणाऱ्या पाहुण्यांचा एक शिरस्ता ठरून गेला आहे. अंबाबाईचं दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा, जमलं तर चपला, की गाडी निघाली पन्हाळ्याला, नाहीतर गगनबावड्याच्या घाटातून कोकणात. शहर राहूनच जातं. यंदा जानेवारीत ठाण्याहून निघतानाच आम्ही पन्हाळा आणि ज्योतिबा यादीतून काढून टाकले. सासूबाईंचे गुडघे हे एक कारण. दुसरं म्हणजे प्रत्येकाला हवं ते शहरातच होतं. सासूबाईंना अंबाबाई, अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, खासबाग मैदान, नवऱ्याला रस्सा, मुलांना पेंढा भरलेले वाघ. आणि मला टाउन हॉल म्युझियममधली एक वीतभरही नसलेली मूर्ती, जिच्याबद्दल घरात कुणालाही काडीचं कुतूहल नव्हतं.

रविवार

महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी उतरलो. सहा माणसं, दोन रिक्षा. आमच्या रिक्षावाल्यानं आरशातून सासूबाईंकडे एक नजर टाकली आणि सल्ला दिला, "रविवार हाय, रांग लांब असणार. आजींस्नी मुखदर्शनाला न्या, उभं राहायचा ताप नाही." सासूबाई ताडकन म्हणाल्या, "एवढ्या लांबून आले ती काय लांबूनच बघायला?" विषय संपला. भवानी मंडपाजवळच्या खोलीवर सामान टाकलं, आंघोळी उरकल्या आणि रांगेत लागलो.

रांग दीडेक तासाची. पण ह्या देवळात रांगेचा कंटाळा येत नाही, कारण नजरेला काम भरपूर असतं. काळ्या दगडाचं देऊळ. बाहेरची भिंत सरळ नाहीच, सतत कोन करत आत-बाहेर जाते आणि प्रत्येक कोनात कुणीतरी उभं आहे. नर्तकी, वादक, आरशात बघणारी कुणी. धाकटी चौथीत आहे. तिनं मृदंग वाजवणारी एक मूर्ती हेरली. मृदंग शाबूत, हात मनगटापासून गेलेले. "मग वाजतो कसा?" असं तिनं विचारलं. उत्तर तिच्या आजीनं दिलं, पण ते तिला पटलं नाही.

पुढच्या कोल्हापूरच्या काकू बोलक्या निघाल्या. तिरुपतीहून दरवर्षी नवरात्रात देवीला शालू येतो, हे सासूबाईंनी कौतुकानं काढलं, तर काकू म्हणाल्या, "शालू येतोय ते चांगलंच हाय, पण तिरुपतीच्या बालाजीची बायको-बियको नव्हं ती. आमची अंबाबाई हाय, स्वतःच्या हिमतीवर उभी." ह्यावर गावात मोठे वाद झालेले आहेत आणि बाहेरच्या माणसानं त्यात पडू नये. सासूबाई पडल्या नाहीत, हे मला विशेष वाटलं.

किरणोत्सवाची गोष्टही काकूंकडूनच ऐकावी अशी होती. देवी पश्चिमाभिमुख आहे. जानेवारी संपता संपता आणि पुन्हा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात आणि थेट गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. म्हणजे पोचायला हवीत. मधल्या काळात महाद्वार रस्त्याला इमारती उंच झाल्या, ढग आणि धूळ आहेच, त्यामुळे एखाद्या वर्षी किरणं वाटेतच अडकतात आणि गाव हळहळतं. "देवळ बांधणाऱ्याला सूर्य कळला होता, आम्हांला मजलं कळत न्हाईत," काकू म्हणाल्या.

गाभाऱ्यासमोर मिळतात ते चार-पाच श्वास. मूर्ती काळ्या पाषाणाची, तीनेक फुटांची. चार हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र. हे सगळं वाचून माहीत. प्रत्यक्षात साडी, दागिने आणि हारांतून दिसतो तो चेहरा आणि डोळे. मोगलांच्या धामधुमीत ही मूर्ती लपवून ठेवली होती आणि १७१५ साली पुन्हा बसवली. सासूबाईंनी ओटी दिली, हात जोडले, आणि पुढं सरका म्हणायच्या आत स्वतःच पुढं सरकल्या. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "झालं माझं. आता तुम्ही काय ते बघा."

मग मिसळ. ठाण्याची माणसं मिसळीच्या बाबतीत स्वतःला कमी लेखत नाहीत, त्यामुळे नवरा जरा परीक्षकाच्या थाटात बसला होता. इथं पाव नाही, जाड ब्रेडच्या स्लाइस. मटकीवर फरसाण, वरून कांदा-कोथिंबीर आणि शेजारी भांडंभर कट. वाढणारा पोरगा न विचारता कट ओततो. रंग बघून घाम फुटतो, पण तिखट नुसतं जाळत नाही, मागून मसाल्याची चव रेंगाळते. नवऱ्यानं तीनदा कट मागवला आणि परीक्षकगिरी विसरला.

तिथून खासबाग चालत पाच-दहा मिनिटांवर. आणि खरं सांगायचं तर ह्या दिवसाचा मध्यबिंदू मला वाटलं होतं राजवाडा असेल. तो हा निघाला.

बाहेरून काही कळत नाही. भिंत, फाटक, कडेला भेळेच्या गाड्या. आत गेलं की जमीन खाली उतरत जाते. मधोमध आखाड्याचा हौदा आणि चहूबाजूंनी वर चढत गेलेली बैठक. छत नाही, खांब नाही, आड येईल असं काहीच नाही. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले होते. रोममधलं ते जुनं गोल प्रेक्षागृह पाहून कुस्तीसाठी तसं काही करायचं त्यांच्या डोक्यात आलं, आणि १९१२ साली हे मैदान उभं राहिलं. लोक युरोप पाहून येतात आणि घरात झुंबर लावतात. ह्यांनी तांबडी माती ओतली.

मैदान रिकामं होतं. अण्णा पायऱ्यांवर बसले, थोरल्याला शेजारी बसवलं आणि समजावायला लागले. अण्णा माणदेशातले, तरुणपणी गावच्या तालमीत घुमलेले. "अगदी खाली बसायचं न्हाई. पैलवान उभा दिसतो, पट काढला की पाय दिसत न्हाईत. मधे बसायचं. अगदी वर बसलास तरी दिसतंय, ही ह्या मैदानाची खुबी." मातीत ताक, तेल, हळद, लिंबू का घालतात, ती रोज का उकरतात, कोरडी माती अंग कशी सोलते हेही सांगून झालं. मग नावं. श्रीपती खंचनाळे, १९५९ चे पहिले हिंदकेसरी. गणपतराव आंदळकर. नाव घेताना अण्णा कानाच्या पाळीला हात लावतात, गवयांसारखे.

थोरला नववीत आहे आणि त्याला माहिती फोनवर मिळते. तो म्हणाला, "पण अण्णा, ऑलिम्पिकचं पदक तर नेमबाजीत आलंय. स्वप्नील कुसाळे, पॅरिस, २०२४. राधानगरी तालुक्यातला आहे."

"खाशाबा जाधव," अण्णा म्हणाले. "१९५२, हेलसिंकी. राजाराम कॉलेजात शिकत होता."

"दोघांनाही कांस्यच."

"बंदुकीला माती लागती का रे?"

ह्या प्रश्नाला थोरल्याकडे उत्तर नव्हतं. पण तो उठून हौद्यापर्यंत जाऊन आला, वाकून माती चिमटीत घेऊन बघितली. घरी त्याला बेसिन पुसायला सांगितलं तर तो हात ओले करत नाही.

मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. हेही शाहू महाराजांच्याच काळातलं, १९१५ चं. पॅलेस थिएटर हे त्याचं मूळ नाव. एका बाजूला कुस्ती, एका बाजूला नाटक आणि मधे एक भिंत, असा शेजार दुसरीकडे कुठं असेल तर मला तरी माहीत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीत जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. पुन्हा उभारायचं काम हाती घेतलेलं आहे. तिथं उभ्या असलेल्या एका आजोबांनी आम्हांला आपणहून सांगितलं की त्या रात्री लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. त्यांनी कुठलं नाटक कधी पाहिलं हे ते सांगत राहिले, आणि अण्णा, ज्यांना नाटकात काही गम्य नाही, ऐकत राहिले.

जेवण. नवऱ्याचा तास. मटणाचं ताट आलं: सुकं, तांबडा, पांढरा, भाकरी, कांदा-लिंबू. पांढरा रस्सा म्हणजे मटणाचा अळणी काढून त्याला नारळाचं दूध आणि खसखस लावलेली. भाकरीबरोबर खायचा नसतो, वाटी तोंडाला लावायची. नवऱ्यानं लावली ती खाली ठेवलीच नाही. धाकटीनं तांबड्यात बोट बुडवलं आणि दोन ग्लास पाणी प्यायली. मग पांढऱ्यावर निभावून नेलं. सासूबाईंनी अख्खा मसूर मागवला. देवीच्या दर्शनाच्या दिवशी मटण चालतं का ह्यावर रात्री गाडीत बरीच चर्चा झाली होती, तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, "देवी तुमच्या ताटात वाकून बघत नाही." आता मात्र त्या आमच्या ताटात वाकून बघत होत्या.

तासभर झोप, मग न्यू पॅलेस. हा वाडा बाहेरूनच बघण्यासारखा आहे, असं माझं मत. मुलांचं नेमकं उलटं. घडवलेला काळा दगड, मधोमध घड्याळाचा मनोरा, घुमट, कमानी. १८७७ ते १८८४ मध्ये बांधला. आराखडा मेजर चार्ल्स मँट ह्यांचा, बडोद्याचा लक्ष्मीविलास ज्यांनी आखला तेच. वाडा पुरा झालेला बघायला मात्र ते राहिले नाहीत, १८८१ मध्येच गेले. आत तलवारी, पालख्या, हत्तीचे हौदे, दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग. आणि वाघ. दात विचकलेले, काचेचे डोळे लावलेले, शिकारीत मारलेले वाघ. थोरला थक्क, धाकटी रडवेली. "ह्यांना कुणी विचारलं होतं का?" असा तिचा सवाल. मी तिला बाहेर हरणं दाखवायला नेलं. ती जिवंत होती, त्यामुळे वातावरण निवळलं.

टाउन हॉलला पोचायला उशीर होत होता आणि मी घाई केली की सगळे माझ्याकडे दयेनं बघत होते. ही इमारतही मँट ह्यांचीच, १८७२ ते १८७६ ची, उंच टोकदार छपरांची, भोवती मोठी झाडं. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तिथं १९४५-४६ मध्ये मोठं उत्खनन झालं आणि तिथल्या वस्तू ह्या म्युझियमचा पाया आहेत. मातीची भांडी, मणी, नाणी. आणि ब्रह्मपुरीतच सापडलेला पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, कांस्याचा. एवढासा. एक हात वर उगारलेला. त्यात त्रिशूळ असणार, तो आता नाही. अंगाला पीळ, दाढी, वजन एका पायावर. दोनेक हजार वर्षांपूर्वी कुणीतरी रोमन मुलखातून हा देव जहाजात घातला, कोकणातल्या कुठल्याशा बंदरात उतरवला आणि सह्याद्रीचा घाट चढवून करवीरात आणला. विकायला आणला, की नवस फेडायला, की कुणाला आवडला म्हणून? समुद्राचा देव, आणि गावाला समुद्र नाही.

अण्णा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. बराच वेळ. मग म्हणाले, "खांदा बघ त्याचा. पैलवान हाय." माझ्या मूर्तीचं ह्याहून चांगलं कौतुक मला घरून मिळालं नसतं.

बाहेर आल्यावर भाऊसिंगजी रोडला चहा घेतला. मुद्दाम तिथंच. ह्याच रस्त्यावर गंगाराम कांबळे ह्यांनी शाहू महाराजांच्या मदतीनं हॉटेल काढलं होतं. दलित माणसाच्या हातचा चहा कोण पिणार, असा तो काळ. महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांना, अधिकाऱ्यांनाही घ्यायला लावत. महाराजांनी घेतल्यावर नाही कोण म्हणणार? २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा, नोकऱ्यांत मागासवर्गीयांना निम्म्या जागा, थोरल्याच्या पुस्तकात आहे. त्यानं तारीख पाठ केलेली आहे. चहाची गोष्ट त्याला नवी होती. "म्हणजे कायद्यानं नोकरी मिळते, पण चहा प्यायला स्वतःला जावं लागतं," असं तो म्हणाला, आणि मग लगेच क्रीमरोल मागितला. शहरभर हेच होत होतं. मैदान, नाट्यगृह, दसरा चौकाकडची वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं, गावाला पाणी देणारं राधानगरीचं धरण. एका माणसाच्या अठ्ठावीस वर्षांच्या कारभाराला आपण सतत ठेचकाळत असतो. त्यातल्या बहुतेक गोष्टी अजून वापरात आहेत, म्हणून त्यांना तिकीट नाही आणि म्हणून त्या पर्यटकांच्या यादीतही नाहीत.

रंकाळ्यावर सूर्यास्त बघितला. गर्दी, भेळ, फुगे, घोडा. पलीकडे शालिनी पॅलेस, पाण्याकडेला संध्यामठ. सगळं कोल्हापूर रविवारी संध्याकाळी इथंच असतं. काठावरच्या नंदीची दंतकथा सासूबाईंना आवडली: तो रोज गव्हाच्या दाण्याइतका पुढं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याइतका मागं येतो, रंकाळ्याला भिडला की जगबुडी. "मग गव्हाचा दाणा मोठा की तांदळाचा?" धाकटीनं विचारलं. तांदूळ आंबेमोहोर की बासमती, ह्यावर सगळं अवलंबून आहे, असं ठरलं.

तिथून गंगावेशीचा दूध कट्टा. माझ्या हिशेबी कोल्हापुरात लहान मुलांना घेऊन यावं ते ह्यासाठी. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, चांगल्या घसघशीत, काळ्या कुळकुळीत. शेजारी गवळी. तुम्ही ग्लास मागायचा, तो तिथंच उकिडवा बसतो, भांडं गुडघ्यांत धरतो आणि धार काढतो. आधी भांड्याच्या तळावर खणखण आवाज, मग दूध चढेल तसा तो घुमा होत जातो, शेवटी नुसता फेसात फसफस. ग्लास हातात येतो तो कोमट. म्हशीच्या अंगाइतका. वर चार बोटं फेस. साखर नाही, उकळी नाही, पिशवी नाही. धाकटीनं एक घोट घेतला, म्हशीकडे बघितलं, पुन्हा ग्लासाकडे बघितलं. "हे आत्ता तिच्यात होतं?" हो. "तिला चालतं?" गवळी हसून म्हणाला, "तिला चालतंय, तिच्या रेडकाला इचार." दिवाळीच्या पाडव्याला ह्याच म्हशींची शिंगं रंगवून, मोरपिसं लावून मिरवणूक काढतात, आणि मोटरसायकलवर बसलेल्या मालकाची हाक ऐकून म्हैस मागं पळत सुटते. गवळ्यानं फोनवर व्हिडिओ दाखवला. धाकटीला दिवाळीत परत यायचं आहे. कच्चं दूध पोटाला मानवेल की नाही ह्याची धाकधूक असेल तर उकळून मागा, तसंही मिळतं. अण्णांनी मात्र दोन ग्लास रिचवले.

जाता जाता चप्पल लाईन. तोवर पाय बोलत होते, त्यामुळे बसायला मिळालं हेच पुष्कळ. दुकानदार कानांची चप्पल हातात घेऊन उलटी-सुलटी वाकवत होता: खिळा कुठं नाही, सगळी शिलाई चामड्याच्या वादीची, कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याकडच्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. २०२५ मध्ये इटलीच्या प्राडानं तसल्याच चपला फॅशन शोमध्ये चालवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावच घेतलं नाही, तो विषय दुकानदारानंच काढला. राग नव्हता फारसा. "लाखाची चप्पल हो ती. आमची घ्या, करकर पण वाजंल." नवऱ्यानं करकर वाजणारी घेतली. "पहिले चार दिस चावंल. गोडं तेल लावा, पाण्यात नेऊ नका, आन घरातच घाला." सासूबाई तेवढ्यात गुजरीत, म्हणजे सराफांच्या गल्लीत, एकवीस पानांचा साज बघून, भाव ऐकून, "बघितला, पुष्कळ झालं," म्हणत परत आल्या होत्या.

सोमवार

सकाळच्या कोयना एक्सप्रेसनं परत. रुकडीला गाडी पंचगंगेवरून जाते. पाणी शांत आणि पात्रात खाली होतं. ह्याच नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर गेली की धोका, हे २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आपल्यालाही बातम्यांतून पाठ झालं आहे. मग दोन्ही अंगांना ऊस आणि ऊसच.

समोर बसलेले गृहस्थ कोल्हापूरचे, पुण्याला निघालेले. मिसळ कुठं खाल्लीत, असं त्यांनी विचारलं. नवऱ्यानं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. "तिथं? अहो, ते पाहुण्यांसाठी आहे." त्यांनी खरी मिसळ कुठं मिळते ते सांगितलं. शेजारच्या सीटवरचा कॉलेजचा पोरगा कानातले हेडफोन काढून म्हणाला, "काका, ते आता राहिलं नाही, कसबा बावड्यात जायला पाहिजे." पलीकडच्या बाईंनी तिसरं नाव घेतलं. मिरज येईपर्यंत हे चाललं. नवऱ्यानं पाच नावं लिहून घेतली आहेत आणि आता दिवाळीच्या म्हशींमध्ये त्याचाही रस वाढला आहे.